तेल काळं पडलं म्हणून लगेच बॅरल मागवू नका

वाचकांचे प्रश्न : हायड्रॉलिक तेल गाळणं आणि परत वापरणं

मागच्या अंकात पॉवरपॅकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने मशीन चालवणाऱ्या पंप-टाकीच्या संचाच्या, देखभालीवर लिहिताना एक वाक्य लिहिलं होतं की हायड्रॉलिक तेल झिजून संपत नाही, ते घाण होतं, आणि घाण वेळेवर काढली तर तेच तेल कितीतरी वर्षं चालतं. त्या एका वाक्यावरच एवढी पत्रं आली की यावेळी पूर्ण सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र घेतलेत, आणि कारखान्यांची नावं काढून टाकलीत.

नमस्कार सर. जळगाव एमआयडीसीत आमचं प्लास्टिकचं छोटं युनिट आहे, तीन इंजेक्शन मोल्डिंग मशिनी आहेत. सगळ्यात जुन्या मशिनीत ४०० लिटर ६८ नंबर तेल बसतं, ते आता काळपट झालंय. सप्लायर म्हणतो सगळं काढा आणि दोन बॅरल नवीन टाका, फिल्टरवाला म्हणतो गाळून देतो, नव्यासारखं होईल. आणि एक, सकाळी मशीन चालू केलं की पहिला अर्धा तास मोल्ड उघडताना अडकतं, मग दिवसभर नीट चालतं. कोणाचं ऐकू?
एक वाचक, जळगाव

आत्ताच कोणाचंच ऐकू नका, दोघांनाही आठ दिवस थांबवा.

नुसत्या रंगावरून तेल बाद ठरवता येत नाही. रंग बदलला तर का बदलला ते शोधायलाच हवं, पण काळं म्हणजे फेकायचं आणि सोनेरी म्हणजे चांगलं असा सरळ हिशोब नसतो. सोनेरी दिसणाऱ्या तेलात पंप खाऊन टाकेल एवढी धूळ असू शकते, कारण साधारण ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण आपल्या डोळ्याला दिसतच नाही आणि पंपातल्या, व्हॉल्व्हमधल्या फटी असतात जेमतेम काही मायक्रॉनच्या. म्हणजे जो कण नुकसान करतो तो कधी दिसणारच नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं आहे, सकाळी अडकतं आणि गरम झालं की सुटतं. हे वार्निशचं ठरलेलं लक्षण. तेल बरेच दिवस जास्त तापत राहिलं की त्याचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून एक चिकट पदार्थ, म्हणजेच वार्निश, तयार होतो, तो गरम तेलात विरघळलेला राहतो आणि रात्री मशीन बंद होऊन तेल थंड झालं की तो बाहेर पडून स्पूलवर (व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्यावर) आणि व्हॉल्व्हच्या बॉडीत जाऊन बसतो. सुट्टीच्या दिवशी लाइनचं प्रेशर सोडून मोल्ड उघडण्याचा डायरेक्शनल व्हॉल्व्ह खोला, स्पूल बाहेर काढा आणि उजेडात फिरवून बघा. जिथे स्टील चकचकीत दिसायला हवं तिथे तपकिरी पट्टा दिसला, आणि कोरड्या कापडाने घासूनही तो निघाला नाही, तर समजा तेच आहे.

मग तेल एवढं तापलं का? जळगावचा उन्हाळा आहेच, पण माझा पहिला संशय ऑइल कूलरवर आहे. तुमच्याकडे बोअरचं पाणी फिरत असेल तर कूलरच्या ट्यूबमध्ये क्षार बसतात, पाणी जाताना दिसतं पण उष्णता काही घेत नाही. कूलरचं टोकाचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं ते आठवा. टाकीला थर्मामीटर लावा, हाताने चटका बघून अंदाज करू नका. टाकीतलं तेल ४५ ते ५५ अंशात राहिलं तर उत्तम, ६० च्या वर जाऊ देऊ नका, कारण त्याच्या पुढे दर १० अंशाला तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होत जातं. ६० ला जे तेल चार वर्षं गेलं असतं ते ८० ला एक वर्ष जाईल. कूलर साफ असूनही तापत असेल तर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह सतत बायपास होतोय का बघा, आणि टाकीत तेलावर फेस येत असेल तर सक्शनच्या पाइपात कुठेतरी हवा ओढली जातेय, तो हवेचा बुडबुडा पंपात प्रेशरखाली आला की इतका तापतो की त्याच्या भोवतालचं तेल करपतं. काळेपणा त्यानेही येतो.

आता तेलाचं सॅम्पल लॅबला पाठवा. बऱ्याच मोठ्या तेल कंपन्या आपल्या गिऱ्हाइकाचं सॅम्पल तपासून देतात, नाहीतर पैसे भरून बाहेरच्या लॅबमधून करून घ्या, ४०० लिटर तेलाच्या मानाने तो खर्च काहीच नाही. चार-पाच आकडे मागायचे: ४० अंशाला व्हिस्कॉसिटी म्हणजे घट्टपणा, टॅन म्हणजे आम्लता, पाण्याचं प्रमाण, कणांची मोजणी आणि झिंक, म्हणजे झीज रोखायला तेलात घातलेलं द्रव्य (अ‍ॅडिटिव्ह) किती उरलंय ते. ६८ नंबर तेलाची व्हिस्कॉसिटी ६१ ते ७५ च्या मध्ये असेल तर ठीक. टॅनचा नुसता आकडा बघून घाबरू नका, झिंकवाल्या नव्या तेलाचाही टॅन शून्य नसतो, म्हणून त्याच कंपनीच्या त्याच ग्रेडच्या नव्या तेलाशी तुलना करा. नव्यापेक्षा साधारण १ ने वाढला असेल तर तेलाचं आयुष्य संपत आलंय असं धरायचं.

व्हिस्कॉसिटी आणि टॅन दोन्ही हद्दीत असतील तर ते ४०० लिटर अजिबात फेकू नका. मात्र फिल्टरवाल्याचं "नव्यासारखं होईल" हेही अर्धंच खरं आहे. साधा फिल्टर धूळ आणि धातूचे कण काढतो. वाढलेली आम्लता तो कमी करत नाही, संपलेलं अ‍ॅडिटिव्ह परत घालत नाही, आणि गरम तेलात विरघळलेलं वार्निश तर त्यातून आरपार निघून जातं. तुम्हाला इलेक्ट्रोस्टॅटिक क्लीनर (विजेच्या भाराने बारीक घाण ओढून घेणारं यंत्र) लागेल, तो भाड्याने मिळतो, आणि तो तेल गार असताना जास्त चांगलं काम करतो. काही दिवस सलग लावून ठेवावा लागतो कारण तेल साफ व्हायला लागलं की ते व्हॉल्व्हवर बसलेलं वार्निश हळूहळू सोडवून घेतं आणि तेही मग काढावं लागतं.

आणि समजा रिपोर्ट वाईट आला, तेल बदलावंच लागलं, तरी जुनं काढलं नवीन ओतलं असं करू नका. टाकीचा तळ हाताने साफ करा, लाइन फ्लश करा, कूलर उघडून धुवा. नाहीतर आतला जुना गाळ नव्या तेलाचंही तेच करेल, आणि वर्षभरात तुम्ही मला परत हेच पत्र लिहाल.

आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. मोल्डिंग मशिनींना गळती खूप. खाली ट्रे ठेवलेत, महिन्याला बरंच तेल जमतं, आमचा फोरमन ते मलमलच्या कापडातून गाळून परत टाकीत ओततो. मला ते बरोबर वाटत नाही, पण एवढं तेल फेकवतही नाही.
एक वाचक, कोल्हापूर

फेकवत नाही हे अगदी योग्य आहे, आणि बरोबर वाटत नाही तेही योग्य आहे.

कापडाचं गाळणं थांबवा. कितीही बारीक कापड घेतलं तरी त्याची भोकं फाउंड्रीतल्या बारीक धुळीपुढे दरवाज्याएवढी आहेत, वर कापडाचे धागे तेलात पडतात ते वेगळेच. फाउंड्रीची धूळ म्हणजे सिलिका, ती साध्या स्टीलपेक्षाही कठीण असते, आणि ती टाकीत गेली की पंप, मग व्हॉल्व्ह, मग सिलिंडरचं सील असं एकेक करून सगळं घासते. सील घासलं की गळती वाढते, गळती वाढली की ट्रेमध्ये जास्त तेल जमतं आणि फोरमन जास्त तेल गाळून परत ओततो. हे चक्र तोडायला हवं. लॅब रिपोर्टमध्ये सिलिकॉनचा आकडा मागवा, तो चढत असेल तर वाळू आत जातेय एवढं नक्की.

ट्रेमधलं तेल आणि जमिनीवरचं तेल या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीवरून खरडून गोळा केलेलं तेल परत मशिनीत कधीच नाही, त्यात ग्रीस असतं, फरशी धुण्याचं साबणपाणी असतं, काय काय असतं. आणि मशीन शॉप शेजारी असेल तर कुलंट. कुलंटचं मी मुद्दाम सांगतो कारण हे फार जणांना माहीत नसतं. कटिंगचं जे पांढरं पाणी असतं त्यात तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं. ते थोडंसं जरी हायड्रॉलिक तेलात गेलं तर ते तेल पाणी सोडायचं बंद होतं, मग कितीही दिवस ठेवा, पाणी खाली बसत नाही. असं तेल गाळून सुधारत नाही, ते सरळ रिसायकलरकडे.

ट्रेचं तेल मात्र वाचवता येतं, जर ट्रे झाकलेला असेल, एका मशिनीचा एकच असेल, आणि त्या मशिनीत कोणतं तेल आहे हे नक्की माहीत असेल. एक झाकणाचा स्वच्छ ड्रम घ्या, त्यावर ग्रेड रंगवा, सगळं त्यात जमा करा. दोन-तीन दिवस शांत ठेवा, तळाशी कॉक असेल तर खालचं गाळाचं पाणी आधी काढून टाका. मग फिल्टर ट्रॉली, म्हणजे पंप आणि फिल्टर बसवलेला गाडा, लावून आधी १० मायक्रॉन आणि मग ३ मायक्रॉनच्या एलिमेंटमधून फिरवा. एकदा फिरवून काही होत नाही, ड्रममधलं सगळं तेल निदान सात वेळा फिल्टरमधून जाईल इतका वेळ ट्रॉली चालवायची. २०० लिटरचा ड्रम आणि मिनिटाला १० लिटरची ट्रॉली असेल तर सात फेऱ्यांना १४० मिनिटं, म्हणजे सव्वादोन-अडीच तास. त्यानंतर सॅम्पल तपासा आणि ते तेल प्रोपोर्शनल किंवा सर्वो व्हॉल्व्हच्या (बारीक नियंत्रण करणारे, म्हणून घाणीला फार नाजूक) मशिनीत न टाकता एखाद्या साध्या प्रेसला किंवा लिफ्टिंग टेबलला वापरा.

"बारीक फिल्टर लावला तर तेलातलं औषध निघून जातं" असं तुमच्या फोरमनने सांगितल्याचं पत्रात पुढे लिहिलंय. झिंकचं अ‍ॅडिटिव्ह तेलात विरघळलेलं असतं, ३ मायक्रॉनच्या फिल्टरला ते लागत नाही. ते निघतं मातीच्या ट्रीटमेंटने, म्हणजे फुलर्स अर्थमधून तेल काढलं तर. कोणी तुमचं हायड्रॉलिक तेल "क्ले ट्रीटमेंट" करून पांढरं करून देतो म्हणाला तर आधी विचारा की अ‍ॅडिटिव्ह परत कोण घालणार.

पण या सगळ्याच्या आधी गळती बंद करा हो. सेकंदाला एक थेंब ही गळती कोणाला गळतीच वाटत नाही. २० थेंबांचा १ मिली धरला तर तासाला १८० मिली, दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. आणि गळती शोधताना चालू लाइनवर हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक भोकातून प्रेशरने सुटलेलं तेल कातडीच्या आत शिरतं, बाहेर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते पण आत हात सडतो, तसं झालं तर तासाभराची वाट न बघता सर्जनकडे न्यायचं. तुमच्या कामावरच्या मुलांना हे नक्की सांगा.

सर, मी आणि माझे मिस्टर कुडाळला पेव्हर ब्लॉकचं युनिट चालवतो. प्रेसची टाकी १२० लिटरची आहे. जुलैमध्ये तेल दुधासारखं पांढरं झालं. ह्यांचं म्हणणं आहे की ड्रममध्ये घेऊन चुलीवर गरम करू, पाणी उडून जाईल. करावं का?
एक वाचक, कुडाळ

ताई, नका करू. अजिबात नका करू.

चुलीवर ड्रमच्या तळाशी पाणी असतं आणि वर तेल. तळाचं पाणी १०० च्या पुढे गेलं की एकदम वाफ होतं आणि वरचं सगळं गरम तेल उसळून विस्तवात पडतं. जिवाशी खेळ आहे. शिवाय तळ लाल होतो तिथलं तेल करपतं, म्हणजे पाणी घालवायला गेलात आणि तेल घालवून बसलात.

पांढरं झालं म्हणजे तेलाला जेवढं पाणी विरघळवून ठेवता येतं त्यापेक्षा जास्त पाणी आत गेलंय. साध्या मिनरल हायड्रॉलिक तेलाची ती क्षमता नेहमीच्या तापमानाला फारतर काही शे पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), म्हणजे १२० लिटर तेलाला एक फुलपात्रभर पाणीसुद्धा जास्त होतं. असं तेल पंपाला वंगण देत नाही, आतून गंज चढतो, आणि झिंकचं अ‍ॅडिटिव्ह पाण्याने हळूहळू मोडतं, म्हणून पावसाळा संपेपर्यंत तसंच चालवू असंही करू नका.

आधी काय करायचं, मशीन बंद करून एक रात्र तेल शांत ठेवा आणि सकाळी टाकीच्या ड्रेनमधून हळूच खालचं पाणी काढा, जोवर पाणी येतंय तोवर काढा, तेल दिसलं की बंद. कुठल्याही स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडं तेल घेऊन खिडकीत ठेवा. दोन दिवसांत वरचं तेल निवळलं तर तुमचं तेल अजून चांगलं आहे, पाणी सोडतंय. नाही निवळलं, पांढरंच राहिलं, तर बाहेरून दुसरं काहीतरी मिसळलंय किंवा तेल फार जुनं झालंय, मग खर्च करण्याआधी लॅबमध्ये तपासा.

निवळत असेल तर उरलेलं पाणी काढायला दोन रस्ते आहेत. पाणी थोडंच असेल तर पाणी शोषणारं फिल्टर एलिमेंट मिळतं, ते ट्रॉलीला लावून फिरवायचं, भरलं की फुगतं आणि बदलावं लागतं. पाणी जास्त असेल तर व्हॅक्यूम डिहायड्रेशन मशीन. त्यात तेल ६० अंशाच्या आसपास गरम करतात आणि व्हॅक्यूम लावतात, व्हॅक्यूममध्ये पाणी कमी तापमानालाच उकळतं, त्यामुळे तेल न करपता विरघळलेलं पाणीसुद्धा निघतं. तुमच्या मिस्टरांच्या डोक्यातली कल्पना तीच होती, फक्त चुलीऐवजी व्हॅक्यूम हवा. खरं सांगायचं तर १२० लिटरसाठी मशीन कुडाळपर्यंत आणायचं भाडं परवडेलच असं नाही. आजूबाजूच्या चार युनिटवाल्यांना विचारा, पावसाळ्यात कोकणात प्रत्येकाचीच हीच तक्रार असते, सगळ्यांनी मिळून एका दिवसात करून घेतलं तर जमेल. नाही जमलं तर तुमच्या बाबतीत नवीन तेल टाकणं स्वस्त पडेल, आणि ते तसं करण्यात काही चूक नाही.

पण पाणी आलं कुठून हे आधी शोधा. तुमच्या प्रेसला पाण्याचा कूलर असेल तर तो आतून फुटलाय का बघा, मशीन बंद असताना तेलाचं प्रेशर शून्य होतं आणि पाण्याचं चालू राहतं, मग पाणी तेलात शिरतं. कूलर नसेल तर टाकीच्या झाकणाकडे आणि ब्रीदरकडे, म्हणजे टाकीत हवा ये-जा करते त्या तोंडाकडे, बघा. सिलिंडर पुढे गेला की टाकीतली पातळी उतरते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते, दिवसभरात शेकडो वेळा. पेव्हर ब्लॉकच्या शेडमध्ये त्या हवेत सिमेंटची धूळ आणि कोकणातली दमट हवा दोन्ही असतं. साध्या जाळीच्या ब्रीदरऐवजी सिलिका जेलचा ब्रीदर लावा, तो निळ्या दाण्यांचा असेल तर गुलाबी झाला की बदलायचा. आणि झाकणाची रबरी पॅकिंग बघा, बहुतेक ठिकाणी ती नसतेच किंवा तिथे एखादी चिंधी कोंबलेली असते.

भोसरीला प्रेस शॉप आहे. फिल्टरेशनवाला "नास ६ गॅरंटी" म्हणून रिपोर्ट देऊन गेला, १५ दिवसांत प्रोपोर्शनल व्हॉल्व्ह परत अडकला. दुसऱ्या लॅबने आयएसओ २१/१९/१६ दाखवलं. खोटं कोण बोललं?
एक वाचक, पिंपरी-चिंचवड

दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. पहिलं सॅम्पल त्याने कुठून घेतलं होतं ते तुम्हाला माहीत आहे का? ट्रॉलीच्या फिल्टरच्या बाहेरच्या पाइपातून घेतलं असेल तर तो फिल्टरचा रिपोर्ट झाला, तुमच्या टाकीचा नाही.

नास १६३८ ही जुनी पद्धत, विमानांच्या हायड्रॉलिकसाठी अमेरिकेत झालेली, १०० मिलीत किती कण ते सांगते. ५ ते १५ मायक्रॉनचे कण नास ६ मध्ये १६,००० पर्यंत, नास ७ मध्ये ३२,००० पर्यंत, म्हणजे एक क्लास वर गेला की दुप्पट. आपल्याकडे शॉपमध्ये अजून सगळे नासच बोलतात. आयएसओ ४४०६ मध्ये तीन आकडे असतात, ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण १ मिलीत किती, आणि तिथेही आकडा एकने वाढला की कण दुप्पट. नास ६ म्हणजे अंदाजे १७/१५/१२. तुमचा रिपोर्ट २१/१९/१६, तिन्ही आकडे चारने जास्त, म्हणजे १६ पट कण. प्रोपोर्शनल व्हॉल्व्हला १८/१६/१३ च्या आत राहिलेलं बरं, सर्वोला त्याहून कमी.

इथून पुढे सॅम्पल तुम्ही काढा किंवा तुमच्यासमोर काढायला लावा. मशीन चालू असताना, तेल गरम झाल्यावर, रिटर्न लाइनमधून पण रिटर्न फिल्टरच्या आधी. ड्रेन कॉकमधून नको, तिथे तळाचा गाळ येतो आणि आकडा उगाच वाईट दिसतो. सॅम्पल पॉइंटचा कॉक उघडून आधी थोडं तेल वाहू द्या, ते टाकून द्या, मग लॅबने दिलेल्या बाटलीत भरा आणि कॉकला हात न लावता बाटली आधी बाजूला घ्या, कारण कॉक फिरवताना त्यातूनच कण सुटतात. पाण्याच्या नाहीतर औषधाच्या बाटलीत घेतलेलं सॅम्पल लॅबला पाठवूच नका.

आता १५ दिवसांत एवढं घाण झालं असेल तर तीन जागा तपासा. पहिली, टॉप-अप, म्हणजे कमी झालेलं तेल वरून भरणं. नवीन बॅरलचं तेल स्वच्छ असतं असं सगळे धरून चालतात, आणि ते खरं नसतं, सीलबंद बॅरलमधलं तेलही २१/१९/१६ च्या घरात असणं अगदी नेहमीचं आहे. बॅरल उघड्यावर आडवं न ठेवता उभं ठेवलं असेल तर वरच्या खोलगट झाकणात पावसाचं पाणी साठून बुचातून आत ओढलं जातं. म्हणून नवीन तेलसुद्धा ट्रॉलीच्या फिल्टरमधूनच टाकीत जायला हवं, फनेल आणि मापाचं भांडं शॉपमधून हद्दपार करा. दुसरी जागा रिटर्न फिल्टर, त्याचा इंडिकेटर लाल असेल तर तेल बायपासमधून न गाळता जातंय. तिसरी, सिलिंडरचं वायपर सील, ते फाटलं की रॉड प्रत्येक वेळी मागे येताना बाहेरची धूळ आत घेऊन येतो.

या तीन जागा बंद केल्याशिवाय परत फिल्टरेशन करू नका, पैसे वाया जातील. आणि वर्षातून दोनदा फिल्टरवाल्याला बोलवण्यापेक्षा एक छोटा पंप-फिल्टर टाकीला कायमचा जोडून टाका, मेन पंपाशी संबंध नसलेला, मशीन बंद असलं तरी चालू राहणारा. तुमच्यासारख्या प्रेस शॉपला मी हाच सल्ला सगळ्यात आधी देईन.

खरंच बाद झालेलं तेल काय करायचं? भंगारवाला रोख पैसे देतो. काही सेंट्रिंगवालेही प्लेटांना लावायला मागतात, गावाकडून वाळवीसाठी मागतात.
वाळूज, नाशिक आणि सांगलीच्या वाचकांचा सारखा प्रश्न

भंगारवाल्याला नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल पहिल्या परिशिष्टात ५.१ नंबरला आहे, आणि ते फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरलाच देता येतं. साठवायचं जास्तीत जास्त ९० दिवस, छपराखाली, पक्क्या जमिनीवर, लेबल लावून. गाडीबरोबर फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुठून कुठे गेला त्याचा कागद, जातो, त्याची प्रत जपून ठेवा, वर्षाचं रिटर्न फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत भरायचं असतं. तेलाने माखलेल्या चिंध्या आणि कॉटन वेस्टही त्याच नियमात येतं, ३३.२ नंबरला, ते कचराकुंडीत टाकायचं नाही. मंडळाने तुम्हाला दिलेल्या परवानगीपत्रात, म्हणजे कन्सेंटमध्ये, हे आकडे लिहिलेले असतात, एकदा काढून वाचा.

रोखीने गेलेलं तेल पुढे कुठे जातं याचा विचार करा. बरंचसं छोट्या भट्ट्यांमध्ये जळणाला जातं, तिथे ते अर्धवट जळतं आणि त्यातले धातू धुरातून आसपासच्या वस्तीत जातात. काही ठिकाणी ते जुन्या पद्धतीने सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि मातीने साफ करतात, त्याचा जो आम्लाचा काळा गाळ उरतो तो मूळ तेलापेक्षा वाईट. सेंट्रिंगच्या प्लेटांवरून ते पावसाबरोबर मातीत जातं, गोठ्याच्या लाकडाला लावलं तर जनावरं चाटतात. आपल्या विहिरीच्या पाण्याचा प्रश्न आहे हा. एक लिटर तेल किती पाणी नासवतं ते ज्याच्या विहिरीत एकदा तवंग आला त्याला विचारा.

चांगल्या रिसायकलरकडे तेच तेल व्हॅक्यूममध्ये डिस्टिल होतं, मग हायड्रोजनने साफ होतं आणि त्यातून परत बेस ऑइल, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह नसलेलं मूळ तेल, निघतं, ज्यात नवीन अ‍ॅडिटिव्ह घालून परत हायड्रॉलिक तेल करता येतं. सरकारने २०२३ मध्ये नियम बदलून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या रिसायकलिंगची जबाबदारी टाकली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे अधिकृत रिसायकलरला आता तुमचं तेल हवंच आहे. दर भंगारवाल्यापेक्षा कमी मिळाला तरी त्यालाच द्या. आणि एक विनंती, बाद हायड्रॉलिक तेल, इंजिन ऑइल आणि कुलंट एकाच ड्रममध्ये ओतू नका. वेगळं ठेवलेलं तेल रिसायकलरला चांगलं वापरता येतं, आणि भावही बरा मिळतो.

दोन कंपन्यांचं ४६ नंबर तेल मिसळलं तर चालतं का? आणि गाळलेलं तेल व नवीन तेल मिसळलं तर?
एक वाचक, इचलकरंजी

नंबर एक असला म्हणजे तेल एक असतं असं नाही. ४६ हा फक्त ४० अंशाच्या व्हिस्कॉसिटीचा नंबर. झिंकवालं आणि झिंक नसलेलं तेल मिसळू नका, अ‍ॅडिटिव्हची आपसात गडबड होऊन गाळ बसू शकतो, फेस वाढू शकतो, आणि पाणी सुटायला वेळ लागतो. डाय कास्टिंगमधलं सहज पेट न घेणारं वॉटर-ग्लायकोल तर मिनरल तेलाच्या जवळपासही ठेवू नका, त्याचे ड्रम वेगळ्या रंगाने रंगवा. त्याच कंपनीच्या त्याच ग्रेडचं गाळलेलं आणि नवीन तेल मिसळायला काहीच हरकत नाही, गाळलेल्याचा रिपोर्ट चांगला असेल तर. शंका असेल तर दोन्ही तेलं ज्या प्रमाणात मिसळणार त्याच प्रमाणात एका काचेच्या बाटलीत घ्या, हलवा, दोन दिवस उबदार जागी ठेवा. गढूळ झालं किंवा तळाशी काही बसलं तर मिसळू नका. काही दिसलं नाही तरी सर्वोच्या मशिनीसाठी तेवढ्यावर थांबू नका, दोन्ही सॅम्पल लॅबला देऊन मिसळून तपासायला सांगा.